रूपबंधाचे स्वामित्व : दस्तऐवज, पेटंट आणि मुक्त मानक

१

२८ जुलै १९९८ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५,७८७,४४९ या क्रमांकाचे एक पेटंट मंजूर केले. दस्तऐवजाची रचना आणि त्याचा आशय ही दोन परस्परांपासून वेगळी ठेवून, एकाला धक्का न लावता दुसऱ्यात फेरफार करण्याची रीत, हा त्याचा विषय होता. त्यासाठीचा अर्ज १९९४ च्या जूनमध्ये करण्यात आला होता, आणि पेटंट ज्या कंपनीच्या हाती होते ती टोरांटो येथील आयफोरआय ही एक लहान कंपनी होती. याच पेटंटाच्या आधारे पुढे तिने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, आणि 'वर्ड' या जगभर वापरल्या जाणाऱ्या लेखन-प्रणालीतून एक सोय काढून टाकण्याची पाळी त्या बलाढ्य कंपनीवर आणली.

साहित्यविचाराच्या अभ्यासकाला या पेटंटाचा विषय वाचून क्षणभर थबकावे लागते. रचना आणि आशय वेगळे करता येतात काय, हा प्रश्न साहित्यशास्त्राने आजवर शेकडो पृष्ठे खर्ची घालून चर्चिला आहे. भामहाने काव्याचे लक्षण शब्द आणि अर्थ यांच्या सहितत्वात शोधले तेव्हापासून तो प्रश्न आपल्या परंपरेत आहे; आणि मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथानंतर, कलाकृतीचे रूप म्हणजे आशयाला वरून चढवलेला साज नव्हे, घटकांच्या परस्परसंबंधांतूनच ते सिद्ध होते, ही भूमिका मराठी समीक्षेत इतकी रुजली की तिच्याशी वाद घालणाऱ्यालाही तिच्याच परिभाषेत बोलावे लागले. येथे मात्र कायद्याने ते द्वैत निःशंकपणे गृहीत धरले आणि ते द्वैत साधण्याची एक रीत काही वर्षांपुरती एका मालकाच्या नावे लावून दिली.

यात हसण्यासारखे काही नाही. पेटंटात जे सांगितले होते ते तत्त्वज्ञानातील विधान नव्हते, तर एक निश्चित कारागिरी होती. आयएसओ ८८७९ या १९८६ च्या मानकाने सिद्ध झालेल्या 'एसजीएमएल' पद्धतीत मजकुराच्या अंगातच खुणा पेरलेल्या असतात : येथे मथळा सुरू होतो, येथे संपतो, येथून परिच्छेद. पेटंटधारकांची रीत अशी की या खुणा मजकुरातून उपटून एका वेगळ्या नकाशात ठेवायच्या आणि प्रत्येक खुणेसमोर, ती मजकुरातील कितव्या अक्षराशी लागू होते त्याचा पत्ता नोंदवायचा. मजकूर मग एकसलग, निर्वेध राहतो. आणि एकाच मजकुराला निरनिराळे नकाशे लावता येतात. ग्रंथसंपादन करणाऱ्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. मूळ संहितेला हात न लावता पाठभेद आणि टीपा स्वतंत्र नोंदींत पृष्ठ-ओळीच्या आकड्यांनिशी ठेवण्याची त्याची पद्धत याच जातीची आहे. परंतु साधर्म्य दाखवल्याने पेटंट खोटे ठरत नाही. यंत्राकरवी ते करून घेण्यात नवे काही होते असे मानावयास जागा आहे.

तेव्हा येथील प्रश्न या विशिष्ट कंपनीच्या प्रामाणिकपणाचा नाही. प्रश्न असा आहे की ज्या रूपात सर्वांनी लिहावयाचे, जपावयाचे आणि एकमेकांस धाडावयाचे, त्या रूपावर कोणा एकाचे स्वामित्व असणे नीतीला धरून आहे काय? आणि नसेल, तर ते कशाच्या बळावर नाकारावयाचे?

२

लेखनावरील मालकीच्या चर्चेत सर्वांत काटेकोर भेद बहुधा फिश्टने केला. पुस्तकांच्या चोरट्या पुनर्मुद्रणाविरुद्ध १७९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तो पुस्तकाचे तीन थर पाडतो. छापील कागद विकत घेणाऱ्याचा होतो. पुस्तकातील विचार, वाचकाने ते समजून घेण्याचे श्रम केले तर, वाचकाचेही होतात. लेखक आणि वाचक यांची ती सामाईक मत्ता बनते. पण ज्या रूपात लेखकाने ते विचार मांडले ते रूप दुसऱ्या कोणाचे होऊच शकत नाही, कारण दुसरा माणूस तोच विचार स्वतःच्या रूपात ढाळूनच आत्मसात करतो. आधुनिक प्रताधिकाराचा, म्हणजे रूप लेखकाचे आणि कल्पना सर्वांची या व्यवस्थेचा, तात्त्विक पाया येथे सापडतो.

फिश्टचे 'रूप' आणि दस्तऐवजाच्या फॉरमॅटचे 'रूप' यांची मात्र गल्लत होता कामा नये. पहिले रूप व्यक्तीच्या मनाचा ठसा आहे. ते अनन्य आहे म्हणूनच ते तिचे आहे. दुसरे रूप उपयोगी पडते ते नेमके अनन्य नसल्यामुळे. ज्या मांडणीत एकच माणूस लिहू शकतो तिला फॉरमॅट म्हणता येणार नाही, ती खाजगी खूण होईल. फिश्टने रूपावरील मालकीचे समर्थन ज्या कारणाने केले ते कारणच येथे उलटते. रूप लेखकाचे मानण्यामागे, लेखकाला स्वतःसारखे बोलू द्यावे हा हेतू होता. फॉरमॅट एका मालकाचे मानले तर लेखकाने काय बोलावे हे जरी नाही, तरी त्याने बोललेले कोणाला वाचता यावे हे तिसराच कोणी ठरवतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा भेद १८७९ मध्येच आला होता, आणि तोही कचेरीतल्या कागदाच्याच निमित्ताने. चार्ल्स सेल्डन याने जमाखर्च लिहिण्याची एक सुटसुटीत रीत १८५९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुस्तकात रीतीचे विवरण होते आणि आखलेल्या रकान्यांचे नमुने होते. बेकर नावाच्या गृहस्थाने जवळपास त्याच रीतीच्या, पण रकाने निराळ्या तऱ्हेने मांडलेल्या वह्या काढल्या. न्यायालयाने निर्णय दिला तो असा की सेल्डनचे विवरण त्याचे आहे, पण त्या रीतीने हिशेब लिहिण्याची कला त्याची नाही. आणि ती कला वापरावयाची तर रकाने आखावेच लागणार, म्हणून रकानेही खुलेच. इथपर्यंत सारे स्वच्छ आहे. परंतु त्याच निर्णयात न्यायालयाने एक वाट मोकळी ठेवली : कलेवरच हक्क हवा असेल तर त्यासाठी पेटंट मागावे. गेल्या अर्धशतकातला सारा वाद या उघड्या राहिलेल्या दारातून आत आला.

पहिला धक्का १९७२ सालच्या गॉटशॉक विरुद्ध बेन्सन या खटल्यात बसला. संख्या लिहिण्याच्या एका द्विमान पद्धतीतून दुसऱ्या द्विमान पद्धतीत रूपांतर करण्याची कृती, एवढाच मागणीचा विषय होता. म्हणजे जवळजवळ लिप्यंतराचा. न्यायालयाने ती फेटाळली, कारण त्या कृतीचे पेटंट देणे म्हणजे खुद्द सूत्राचेच पेटंट देणे ठरले असते. पुढे १९८१ च्या डायर खटल्यात रबर पक्के करण्याच्या कारखानी प्रक्रियेच्या संदर्भात दार किलकिले झाले, १९९८ पर्यंत ते पुरते उघडले, आणि २०१४ च्या अ‍ॅलिस खटल्यात, अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली एवढ्याने ती पेटंटयोग्य होत नाही असे सांगून न्यायालयाने ते पुन्हा बरेचसे ओढून घेतले. या मागेपुढे होण्यात न्यायाधीशांचा गोंधळ पाहणे सोपे आहे. खरी अडचण विषयातच आहे. संगणकाची आज्ञावली एकाच वेळी लेख असते आणि यंत्राचा भागही असते. वाचता येते आणि चालवता येते. आजवर कायद्याने या दोन गोष्टी दोन वेगळ्या दालनांत ठेवल्या होत्या.

भारतीय कायद्याने या बाबतीत जी भूमिका घेतली ती साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहण्याजोगी आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात, काय शोध मानावयाचे नाही याची यादी आहे. २००२ च्या दुरुस्तीने तीत काही उपखंड घातले गेले. 'के' या उपखंडात गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, केवळ संगणकीय आज्ञावली आणि अल्गोरिदम. लगतच्या 'एल' मध्ये साहित्यिक, नाट्य, संगीत वा अन्य कलाकृती. 'एम' मध्ये मनोव्यापाराचे वा खेळ खेळण्याचे नियम. 'एन' मध्ये माहितीची मांडणी. कविता, बुद्धिबळ, तक्ता आणि आज्ञावली ही एका पंगतीस बसवली गेली. मसुदा तयार करणाऱ्यांच्या मनात काही सौंदर्यशास्त्र होते असे मुळीच नाही. पण कळत-नकळत त्यांनी एक वर्ग ओळखला : ज्या गोष्टी मनुष्य मनात करू शकतो आणि ज्या केल्याने जगातील पदार्थात बदल होत नाही, चिन्हांत होतो, त्या गोष्टींचा वर्ग. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने उद्योगातील तांत्रिक उपयोगाच्या नावाखाली आज्ञावलीला या पंगतीतून उठवण्याचा प्रयत्न केला होता. २००५ च्या कायद्यात संसदेने ती दुरुस्ती ठेवली नाही. त्याच वर्षी ६ जुलैला युरोपीय संसदेनेही आज्ञावल्यांच्या पेटंटांविषयीचा निदेश ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. मात्र 'केवळ' या एका शब्दात वकिलांना जेवढी जागा सापडते तेवढी एखाद्या श्लेषात टीकाकारालाही सापडणार नाही, हेही नमूद केले पाहिजे.

३

फॉरमॅट म्हणजे नेमके काय, याचा विचार सोस्यूरच्या परिभाषेत करणे सोयीचे आहे. एखादे पत्र, अहवाल, प्रबंध ही उक्ती होय. आणि त्यातले कोणते चिन्ह मथळा, कोणते तळटीप, कोणते रकान्याची बेरीज दर्शवते हे ठरवणारी व्यवस्था ही भाषाव्यवस्था होय. भाषाव्यवस्थेचा विशेष असा की ती कोणा एकाच्या ठायी पूर्ण नसते, समूहात असते. तिच्यावर मालकी सांगता येत नाही याचे कारण नैतिक नसून तार्किक आहे. फॉरमॅटचे तसे नाही. ते कोणीतरी, अमुक वर्षी, अमुक कचेरीत बसून रचलेले असते. ते भाषेचे काम करते, पण त्याचा जन्म वस्तूसारखा असतो. श्रमाने मालकी येते हे लॉकचे तत्त्व त्याला लावू पाहणाऱ्याचे म्हणणे म्हणूनच अगदी टाकाऊ नाही. परंतु लॉकने आपल्या तत्त्वाला एक अट घातली होती : इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे. रानातल्या फळांच्या बाबतीत ते शक्य आहे. ज्या फॉरमॅटमध्ये कोट्यवधी लोकांचे कागद साठले, त्याच्या बाबतीत 'तितकेच चांगले' दुसरे काही उरत नाही. कारण त्याचे चांगलेपण त्याच्या रचनेत नसून सगळे तेच वापरतात यात आहे. आणि हे चांगलेपण रचनाकाराच्या श्रमातून आलेले नाही, लिहिणाऱ्यांच्या श्रमातून आले आहे.

येथे मोडीचे उदाहरण सुचेल. पुण्याच्या पुरालेखागारात रुमालांत बांधलेले पेशवे दप्तर आज बहुसंख्य सुशिक्षित मराठी माणसांना वाचता येत नाही. बाळबोध छापील झाली, मोडी शाळेतून गेली, आणि एका समाजाचा आपल्याच हिशेबांशी, करारांशी, वतनाच्या तंट्यांशी असलेला संबंध दोन-तीन पिढ्यांत तुटला. बंद फॉरमॅटमधील दस्तऐवजाची गतही हीच नाही काय? नाही, आणि या नकारात प्रश्नाचा गाभा आहे. मोडीपुढे उभा असलेला वाचक अज्ञानी आहे. तो शिकू शकतो; शिकवणारा त्याला शिकवू शकतो; मोडी वाचून दाखवणारे यंत्र कोणी करू लागला तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले तेव्हा कोणा वारसदाराची सही घ्यावी लागली नाही. पेटंट असलेल्या फॉरमॅटपुढील वाचक ज्ञानी असूनही थांबवला जाऊ शकतो. पेटंटात तर रीत जाहीर करणे बंधनकारकच असते, म्हणजे ज्ञान त्याच्या हाती असते. नसते ती मुभा. न कळणे आणि कळूनही करता न येणे या दोन निराळ्या आपत्ती आहेत, आणि दुसरीत कोणीतरी कोणाला तरी मना केलेले असते. पहिलीत काळाला दोष देऊन भागते. दुसरीत भागत नाही.

या दोहोंच्या मधली एक अवस्था मराठी लेखनव्यवहाराने स्वतः भोगली आहे. १९९० च्या दशकात मराठी पुस्तके आणि नियतकालिके संगणकावर जुळवली जाऊ लागली तेव्हा प्रत्येक अक्षरसंचाची मांडणी वेगळी होती. पडद्यावर देवनागरी दिसे, पण साठवले जाई ते रोमन अक्षरांचे आकडे. त्या आकड्यावर 'क'चा आकार बसवायचा की 'ळ'चा, हे ज्याचा त्याचा अक्षरसंच ठरवी. एका संचातला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक खुणांचा कचरा समोर येई. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्येच 'इस्की' ही भारतीय लिप्यांची सामाईक संकेतव्यवस्था मानक म्हणून प्रसिद्ध केली होती, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. तरी मुद्रणव्यवसाय बराच काळ खाजगी मांडण्यांवरच चालला. तेथे पेटंटाचा अडसर नव्हता, केवळ मौन होते. मांडणी सांगितली जात नव्हती एवढेच. त्या काळात जुळवलेली आणि पुन्हा न छापलेली पुस्तके आजही एकेका संचाचे कोडे सोडवून नव्याने उतरवावी लागतात. सामाईक व्यवस्थाही आपोआप निर्दोष नसते. 'अ‍ॅ' या मराठीला रोज लागणाऱ्या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. पण ते मागता आले, आणि मागून मिळाले.

४

ज्या वर्षी तो स्वर मानकात आला त्याच वर्षी कचेरीतील दस्तऐवजांच्या मानकाचा वाद टोकास पोहोचला होता. त्याची हकीकत थोडक्यात अशी. जर्मनीतील स्टारडिव्हिजनची लेखन-प्रणाली सन कंपनीने १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००० मध्ये तिचा मूळ संकेत खुला केला. तिच्या फॉरमॅटवरून 'ओएसिस' या संस्थेच्या समितीने ओपनडॉक्युमेंट हे मानक सिद्ध केले. २००५ मध्ये संस्थेची आणि २००६ मध्ये आयएसओची मान्यता त्याला मिळाली. मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रणालीचा नवा फॉरमॅट 'एक्मा'मार्फत डिसेंबर २००६ मध्ये मानक करून घेतला, आणि तो जलदमार्गाने आयएसओपुढे ठेवला. सुमारे सहा हजार पृष्ठांचा हा मजकूर सप्टेंबर २००७ च्या मतदानात पुरेशी मते मिळवू शकला नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हाला पाच दिवसांची बैठक झाली. हजारावर उत्तरांपैकी बहुतांश, चर्चेवाचून, एका कागदावरील मतांनी निकालात काढली गेली. एप्रिलमध्ये मान्यता जाहीर झाली. भारताने दोन्ही वेळा विरोधात मत दिले होते. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांची अपिले ऑगस्टमध्ये फेटाळण्यात आली, आणि आयएसओ २९५०० हे मानक नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले.

या इतिहासातील राजकारण बाजूला ठेवून मानकाच्या मजकुराकडे पाहिले तर एक गोष्ट लक्ष वेधते. एक्माच्या संहितेत काही नियम असे होते की त्यांचा अर्थ एवढाच निघे : अक्षरांतील अंतर वर्ड ९५ ठेवते तसे ठेवावे, ओळ वर्ड ९७ तोडते तशी तोडावी. वर्ड ९७ ती कशी तोडते हे नियमात नव्हते. १९०० हे वर्ष लीप वर्ष नसताना ते तसे धरण्याची, लोटस १-२-३ पासून चालत आलेली आणि एक्सेलने सांभाळलेली चूकही संहितेत शिरली होती. नियम म्हणजे काय, याविषयीची एक जुनी शंका येथे उभी राहते. 'अमका करतो तसे करावे' हा नियम आहे की आज्ञा? पतंजलीही शब्दाच्या साधुत्वासाठी अखेरीस शिष्टांच्या प्रयोगाकडे बोट दाखवतो, हे खरे. पण शिष्टांचा प्रयोग कानांनी ऐकता येतो. व्याकरणकार चुकला तर त्या प्रयोगाच्याच आधारे त्याला दुरुस्त करता येते. एका कंपनीच्या बंद आज्ञावलीतील वर्तन हे असे प्रमाण आहे की ज्याच्याकडे बोट दाखवणाऱ्याखेरीज कोणाला ते पाहता येत नाही. तेथे नियमाने नियम करणाऱ्याला बांधलेले नसते.

प्रतिपक्षाची बाजू मात्र दुबळी समजू नये. जगातले कोट्यवधी जुने कागद ज्या प्रणालीत लिहिले गेले, त्यांच्या सर्व वेडेवाकडेपणासह ते जसेच्या तसे जपावयाचे असतील तर त्या वेडेवाकडेपणाची नोंद मानकात होणारच, हा युक्तिवाद पाठचिकित्सा जाणणाऱ्याला तरी उडवून लावता येणार नाही. अपपाठही जपावा लागतो. उलट २००६ च्या ओपनडॉक्युमेंटमध्ये हिशेबाच्या कोष्टकांतील सूत्रांची व्याख्याच पुरती दिलेली नव्हती. ती २०११ च्या आवृत्तीत आली. म्हणजे मुक्त मानकही एका जागी 'सगळे करतात तसे करावे' एवढ्यावरच उभे होते. मॅसॅच्युसेट्स राज्याचा अनुभव याहून बोचरा आहे. त्या राज्याच्या शासनाने सप्टेंबर २००५ मध्ये, जानेवारी २००७ पासून सरकारी दस्तऐवज मुक्त फॉरमॅटमध्येच ठेवण्याचे ठरवले. आक्षेप आला तो अपंग कर्मचाऱ्यांच्या संघटनांकडून : पडदा वाचून दाखवणाऱ्या आज्ञावल्या त्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीशी जुळवलेल्या होत्या, नव्याशी नव्हत्या. सर्वांना वाचता यावे म्हणून काढलेला हुकूम अंध कारकुनाला त्याच्याच टेबलावर निरक्षर करणार होता. या आक्षेपाचा फायदा कोणी उठवला ही वेगळी गोष्ट. आक्षेप खोटा नव्हता. ऑगस्ट २००७ मध्ये राज्याने मायक्रोसॉफ्टचा फॉरमॅटही आपल्या यादीत घेतला.

५

पेटंटांचे काय, या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी एकाच प्रकारचे उत्तर दिले. सनने सप्टेंबर २००५ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००६ मध्ये जाहीर केले की आमच्याकडील पेटंटांच्या आधारे या फॉरमॅटचा अवलंब करणाऱ्यावर आम्ही दावा करणार नाही. जुन्या मराठी दप्तरांत ज्याला अभयपत्र किंवा कौल म्हणत त्याचाच हा अवतार. मायक्रोसॉफ्टचा कौल अपरिवर्तनीय असल्याचे त्यातच लिहिले होते. मग तक्रारीला जागा कोठे राहते?

स्वातंत्र्य म्हणजे हस्तक्षेप नसणे असे मानले तर कोठेच राहत नाही. परंतु फिलिप पेटिट याने 'रिपब्लिकॅनिझम' (१९९७) मध्ये ज्या जुन्या कल्पनेचे पुनरुज्जीवन केले तिच्यानुसार, ज्याचा धनी दयाळू आहे तो गुलामही गुलामच असतो. हस्तक्षेप होत नाही एवढे पुरत नाही, तो मनमानीने करण्याची ताकद दुसऱ्याच्या हाती नसावी लागते. कौल हा मागणाऱ्याच्या हक्काचा पुरावा नसतो, देणाऱ्याच्या सत्तेचा असतो. त्यातील अटी वाचल्या की हे स्पष्ट होते : तो आवश्यक तेवढ्याच हक्कांपुरता, संहितेत तपशिलाने वर्णिलेल्या भागापुरता असतो, आणि घेणाऱ्याने त्या संहितेच्या अवलंबाविरुद्ध पेटंटाचा दावा केला तर त्याच्यापुरता सरतो. मुख्य म्हणजे कौल देणाराच कौलाने बांधला जातो, तिसरा नाही. मौन तर अभयही नव्हे. चित्रांच्या जिफ फॉरमॅटमध्ये वापरलेल्या संक्षेपणाच्या रीतीचे पेटंट १९८५ मध्ये मंजूर झाले होते; फॉरमॅट १९८७ मध्ये आला, सर्वत्र पसरला; आणि १९९४ च्या अखेरीस पेटंटधारक युनिसिसच्या मागणीने परवान्याचा प्रश्न उभा केला.

भारत सरकारच्या नोव्हेंबर २०१० च्या मुक्त मानक धोरणात ई-प्रशासनासाठी निवडावयाच्या मानकातील आवश्यक पेटंटे मानकाच्या आयुष्यभर स्वामित्वशुल्कावाचून उपलब्ध असली पाहिजेत, अशी अट आहे. तीत कौलाची भाषा सोडून शर्तीची भाषा आली, हे खरे. तरी तीही ओळखीच्या पेटंटधारकांनाच बांधते. अनोळखी धारकाला रोखावयाचे तर चिन्हांच्या व्यवस्थेवर पेटंट देताच येणार नाही असे कायद्यानेच म्हटले पाहिजे; तिसऱ्या कलमाची ती पंगत मग अधिक महत्त्वाची ठरते.

आणि येथेच आयफोरआयचा खटला सोपी उत्तरे अडवतो. तो अनोळखी धारक या प्रकरणात लहान होता, आणि सापडला तो बलाढ्य पक्ष. मार्च २००७ मध्ये टेक्सासच्या पूर्व जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला. मे २००९ मध्ये ज्यूरीने २० कोटी डॉलरांची भरपाई ठरवली, ती पुढे २९ कोटींच्या घरात गेली. ऑगस्ट २००९ मध्ये मनाईहुकूम निघाला. त्याच महिन्यात, काही दिवस आधी, लेखन-प्रणालीचा दस्तऐवज एकाच एक्सएमएल फाइलीत साठवण्याच्या रीतीचे पेटंट मायक्रोसॉफ्टला स्वतःला मिळाले होते, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर ढोबळ वाटला असता. ११ जानेवारी २०१० पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या वर्डच्या प्रतींतून विवक्षित एक्सएमएल वाचण्याची सोय गेली. ज्यांनी आपल्या कागदांत ती वापरली होती त्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. पेटंट नसते तर लहान कंपनीची रीत मोठीने फुकट घेतली असती. पेटंट होते म्हणून तिऱ्हाइताचा कागद आपल्याच घरात अर्धा मुका झाला. या दोहोंतील एक अन्याय दुसऱ्याने फिटत नाही. संशोधकाला मोबदला द्यावयाचा, पण तो वाचण्याची मनाई करण्याच्या अधिकाराच्या रूपाने द्यावयाचा नाही, अशी काही तजवीज असू शकेल. आज्ञावलीच्या प्रताधिकारातून ती काही अंशी होते, कारण प्रताधिकार नक्कल रोखतो, स्वतंत्रपणे तीच गोष्ट करणे रोखत नाही. आयफोरआयला तेवढ्याने समाधान मिळाले असते असे म्हणवत नाही.

खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तो पुराव्याच्या प्रश्नावर. पेटंटाच्या अर्जापूर्वी एका वर्षाहून अधिक काळ आयफोरआयने 'एसफोर' नावाची आज्ञावली विकली होती. तीत हीच रीत वापरलेली असती तर अमेरिकी कायद्यानुसार पेटंट अवैध ठरले असते. पेटंट कार्यालयाने ती आज्ञावली कधी पाहिलीच नव्हती. तेव्हा अवैधता सिद्ध करण्यास साधा वरचढ पुरावा पुरावा, असे मायक्रोसॉफ्टचे म्हणणे. ९ जून २०११ रोजी न्यायालयाने एकमताने ते फेटाळले आणि स्पष्ट व खात्रीलायक पुरावाच लागेल असे ठरवले. पेटंटाची मुदत आता संपली आहे. परंतु 'एसफोर'मध्ये रचना आणि आशय खरोखर वेगळे केले होते की नाही, हे कोणालाच सांगता आले नाही. तिचा मूळ संकेत खटल्याच्या कित्येक वर्षे आधीच नष्ट करण्यात आला होता. शोधकांनी शपथेवर सांगितले की तीत ती रीत नव्हती. ज्यूरीने ते ग्राह्य धरले. त्या साक्षीशी ताडून पाहण्याजोगा मजकूर दोन्ही पक्षांपैकी कोणाकडेही उरलेला नव्हता.